गच्चीवर फोम मारण्याआधी : सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार,
विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : वरच्या मजल्याची गरमी आणि गच्चीवरचा पीयू फोम

सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की वरच्या मजल्यावरचे सभासद कमिटीकडे चकरा मारू लागतात. त्यांचं काही चुकत नाही. खालच्यांच्या डोक्यावर कुणाचं तरी घर असतं, वरच्यांच्या डोक्यावर थेट ऊन. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, तो सावलीतला पारा होता. अशा दिवशी उघड्या गच्चीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो, अनवाणी चार पावलं टाकता येत नाहीत. या तक्रारीवर गेल्या काही वर्षांत एक तयार उत्तर सोसायट्यांच्या दारात येऊ लागलंय. हातात रंगीत पत्रक, पिशवीत पिवळसर फोमचा हलका तुकडा आणि तोंडात एक पाठ केलेलं वाक्य : "गच्चीवर फोम मारून देतो. गरमी बंद, गळती बंद, दहा वर्षांची गॅरंटी."

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारतींचं ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करणं हा माझा रोजचा धंदा. फोम मारण्याआधी मला कुणी क्वचितच विचारतं, मारल्यावर बऱ्याचदा बोलावणं येतं. त्या अनुभवावरून सांगतो : वरच्या वाक्यातला पहिला तुकडा खरा आहे, दुसरा अर्धवट आहे आणि तिसरा फक्त कागदावर आहे. फोम वाईट नाही. मी स्वतः तो सुचवतो. पण तो कुठे मारायचा, कधी मारायचा, कुणी मारायचा आणि मारल्यावर झाकायचा कशाने, हे कमिटीने ठरवायचं असतं. आज ते सगळं ठेकेदार ठरवतो आणि कमिटी फक्त चौरस फुटाचा दर बघते.

आधी खरा तुकडा.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. दोन ड्रम येतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्यात मिसळलेले फुगवणारे व इतर घटक. गरम होसमधून दोन्ही द्रव गनच्या तोंडाशी एकत्र येतात, फवारले जातात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. गच्चीवर वापरायचा तो बंद पेशींचा, म्हणजे क्लोज्ड सेल फोम. तो द्रवाच्या साधारण तीसपट फुगतो. ओपन सेल नावाचा दुसरा प्रकार असतो, शंभरपटीच्या आसपास फुगणारा, मऊ आणि पाणी पिणारा. तो आपल्या गच्चीवर नको. कोटेशनमध्ये नुसतं "पीयू फोम" लिहिलं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

आता हिशोब. छपरातून उष्णता किती सहज आत येते ते यू-व्हॅल्यूने मोजतात. आकडा जितका लहान, तितकं छप्पर चांगलं. नुसत्या सहा इंची आरसीसी स्लॅबचा आकडा साधारण ३.३ भरतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली इको निवास संहिता आणली, तिच्यात घराच्या छपरासाठी कमाल मर्यादा १.२ दिलेली आहे. म्हणजे आपली बहुतेक जुनी छपरं मर्यादेच्या दुप्पट-अडीचपट उष्णता आत घेतात, वर कोबा असला तरी. त्या स्लॅबवर एक इंच चांगला क्लोज्ड सेल फोम बसला की आकडा ०.८ च्या खाली येतो. दोन इंच बसला तर ०.४५ च्या आत.

हे आकडे एकदा शांतपणे बघा. पहिल्या इंचाने अडीच कमी केले. दुसऱ्या इंचाने जेमतेम तीन-चार दशांश. तिसऱ्या इंचाला तर फक्त बिलात महत्त्व आहे. नागपूर-अकोल्याच्या उन्हाला दीड इंच पुरे. "आमचा तीन इंची आहे, शेजारच्या सोसायटीपेक्षा भारी," हे ऐकून भुलू नका. त्या जादा पैशांत फोमवरचं आवरण चांगलं करून घ्या. ते कसं, ते पुढे सांगतो.

वरच्या मजल्याचा खरा जाच रात्रीचा असतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खाली सोडत बसतो, म्हणून रात्री दहाला पंखा लावला तर अंगावर भट्टीची हवा येते. फोम वरून मारला की ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. याचा आणखी एक फायदा ठेकेदार सांगत नाहीत, कारण त्यांना तो ठाऊक नसतो. स्लॅब दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो, आणि वर्षानुवर्षं असं झालं की पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, बुडाशी भेग पडते. बहुतेक गच्च्यांचं पाणी तिथूनच आत शिरतं. वरून मारलेला फोम ही रोजची ओढाताण बरीच कमी करतो.

वजनाचंही तसंच. विटांच्या तुकड्यांचा चार इंची ब्रिकबॅट कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो. गळती थांबत नाही म्हणून कोब्यावर कोबा चढवलेल्या गच्च्या मी पाहिल्यात, बिचारा स्लॅब खाली वाकून उभा. दीड इंच फोमचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा होत नाही. जुन्या इमारतीसाठी ही मोठी गोष्ट आहे.

मात्र फोम मारला म्हणजे खोली थंड झाली, असं होत नाही. पश्चिमेची भिंत आणि बिनछज्जाची खिडकी आपलं काम करतच राहणार. रात्री खिडक्या उघडून आतली उष्णता बाहेर काढावीच लागते, नाहीतर फोम तीसुद्धा आत धरून ठेवतो. आणि फायदा होतो तो फक्त सर्वांत वरच्या मजल्याला. सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या सभासदाला फोमचं कौतुक सांगायला जाऊ नका.

आता अर्धवट तुकडा, "गळती बंद".

बंद पेशींचा फोम स्वतः फारसं पाणी पीत नाही, हे खरं. पण गच्ची गळते ती कोब्याच्या भेगेतून, पॅरापेट आणि गच्ची जिथे मिळतात त्या वाट्यातून, पाण्याच्या आऊटलेटच्या कडेने, टाकीच्या बैठकीखालून, सोलरच्या पाईपाने पाडलेल्या भोकातून. त्या जागा आधी शोधून बंद केल्या नाहीत, तर फोम त्यांच्यावर नुसतं पांघरूण घालतो. शिवाय कोब्यात आधीच मुरलेलं पाणी खाली अडकतं. ओल्या पृष्ठभागावर फोम मारला तर आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, फोमला फुगे येतात आणि तो पृष्ठभागाला धरत नाही. वरून गच्ची गुळगुळीत दिसते. पहिल्या पावसाळ्यानंतर पाय ठेवला की भसकन दबते.

म्हणून क्रम ठरलेला आहे. जुनी गळती शोधा, दुरुस्त करा. आऊटलेट बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरांची छतं बघा. ओल नाही याची खात्री झाली की पाणी काढा, गच्ची खडखडीत वाळू द्या, आणि मगच गनवाल्याला बोलवा. उतार चुकला असेल तर तोही आधीच दुरुस्त व्हायला हवा. फोम उतार देत नाही, असलेल्या खड्ड्याचीच नक्कल करतो.

हे सगळं करायला वेळ लागतो आणि कमिट्यांची गंमत अशी की विषय मार्चमध्ये निघतो, तीन कोटेशनं एप्रिलमध्ये येतात, मेमध्ये खजिनदार गावी जातात आणि काम जूनच्या पहिल्या आठवड्यात, आभाळ भरून आलेलं असताना, घाईघाईने उरकलं जातं. हा विषय दिवाळीनंतर घ्या. काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. तेव्हा गच्ची कोरडी असते आणि ठेकेदाराचे दरही नरम असतात.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते, तिच्याकडे येतो. गच्ची सगळ्यांची, तिच्यावर काही करायचं तर सभा, ठराव, वर्गणी. म्हणून वरच्या मजल्यावरचा एखादा सभासद वैतागून आपल्याच घरात, खालून, स्लॅबच्या पोटाला फोम मारून घेतो. ठेकेदारही म्हणतो, आतून मारू, गच्चीला हात लावायला नको, कुणाची परवानगी नको. कमिटी म्हणते, स्वतःच्या पैशाने करतोय ना, करू दे.

करू देऊ नका. कृपा करून नाही.

एका इमारतीत असं छत मला तपासायचं होतं. फोमवर पांढरा रंग दिलेला, बघायला छान. ऑडिटसाठी वीतभर जागेचा फोम चाकूने कापून काढायला लावला. तो निघाला तो प्लास्टरसकट. आत सळई दिसत होती. गंजून फुगलेली, नखाने खरवडली तरी पापुद्रे सुटत होते. काँक्रीटचा तिच्या खालचा थर सुटून फोमला चिकटलेला. वरून गच्चीचं पाणी कित्येक पावसाळे स्लॅबमध्ये मुरत होतं आणि खाली घरात एक थेंबही दिसत नव्हता, कारण फोमने तो दिसूच दिला नव्हता. एरवी छताला पिवळा डाग पडतो, प्लास्टर फुगतं, बाई ओरडतात, मग कमिटी हलते. तो डाग म्हणजे इमारतीने मारलेली हाक असते. खालचा फोम नेमकी ती हाक बंद करतो.

आपल्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. खालून फोम मारलेल्या छताचं ऑडिट मी कसं करू? हातोडीने ठोकून आवाज ऐकता येत नाही, भेगा दिसत नाहीत. अहवालात "छताच्या खालच्या बाजूची पाहणी करता आली नाही" एवढंच लिहिता येतं, आणि पुढे घर विकताना तेवढं वाक्य पुरतं.

ही कटकट आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये उतरत्या छपरांच्या आतल्या बाजूने, स्लेट आणि लाकडी वाशांवर फोम मारून घेण्याची लाट येऊन गेली. आज तिथे अशा घरांवर कर्ज द्यायला अनेक बँका कां-कूं करतात, काही सरळ नाही म्हणतात, कारण फोमखाली लाकूड शाबूत आहे की कुजलंय हे पाहणी करणाऱ्याला सांगता येत नाही. हजारो रुपये नव्हे, हजारो पौंड मोजून मारलेला फोम पुन्हा हजारो मोजून खरवडावा लागतो. बर्मिंगहॅमला, लेस्टरला घर घेणारी आपली मराठी मंडळीसुद्धा आता माळ्यावर चढून आधी फोम आहे का ते बघतात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं गावी कौलारू घर असेल, म्हणून एक वाट सोडून सांगतो. मंगलोरी कौलांच्या पोटाला फोम मारून देणारेही आता कोकणापर्यंत पोचलेत. "दरवर्षी कौलं चाळायची कटकट संपली," असं ते सांगतात. कटकट संपते, कारण कौलं पुन्हा कधी चाळताच येत नाहीत. ती एकमेकांना, रिपांना आणि वाशांना कायमची चिकटतात. एक कौल फुटलं तर ते एकटं निघत नाही. कौलारू छप्पर टिकतं ते वाऱ्यावर. पावसात ते भिजतं, वारा त्याला फटीफटीतून वाळवतो, आणि मेमध्ये कुणीतरी वर चढून वाळवी लागली का, वासा खचला का, ते बघून येतो. फोम वाराही बंद करतो आणि बघणंही. साग असो की ऐन, बंद ओलीत ते कुजणारच. तिथे गरमी कमी करायची असेल तर कौलांखाली हवेला वाट ठेवून लाकडी फळ्यांचं किंवा बोर्डाचं सीलिंग करा. पत्र्याचं छप्पर असेल तर गोष्ट वेगळी : पत्र्याच्या पोटाला फोम चांगला धरतो, घाम सुटणं थांबतं, पावसाचा ताशा वाजत नाही. फक्त राहत्या घरात तो उघडा ठेवायचा नाही.

का नाही, ते आता. फोम जळतो. "फायर रिटार्डंट" हे पत्रकावर ठळक छापलेलं असतं, त्याचा अर्थ तो उशिरा पेट घेतो आणि हळू पसरतो, एवढाच. ठेकेदार लायटर धरून दाखवतो आणि काडी विझते, त्याने समाधान मानू नका. खोलीभर आग लागल्यावर तोच फोम पेटतो, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतं. अमेरिकेत राहत्या जागेकडच्या फोमवर किमान अर्धा इंच जिप्सम बोर्ड लावायचा नियम आहे. दक्षिण कोरियातल्या इचॉन इथे एप्रिल २०२० मध्ये बांधकाम चालू असलेल्या गोदामात वेल्डिंगची ठिणगी छताच्या युरेथेन फोममध्ये शिरली आणि ३८ माणसं गेली. आपल्या गच्चीवर फोम झाल्यानंतर सोलरच्या स्टँडचं, पाण्याच्या पाईपचं, मोबाइल टॉवरचं वेल्डिंग होतच असतं. आणि दिवाळीत खालच्या पोरांची रॉकेटं कुठे येऊन पडतात, हे गच्चीची किल्ली सांभाळणाऱ्या वॉचमनला विचारा. वर आवरण नसलेला फोम गच्चीवर एक दिवसही राहू नये. आणि त्यानंतर गच्चीवर वेल्डिंग करायचं तर कमिटीची लेखी परवानगी, ओलं गोणपाट आणि पाण्याची बादली, हा नियमच करून टाका.

आवरणाचं दुसरं कारण ऊन. ज्या उन्हासाठी फोम मारला, तेच ऊन त्याला खातं. उघडा फोम काही महिन्यांत तपकिरी होतो, वरचा थर पिठासारखा झडू लागतो. आवरण दोन प्रकारचं. एक, फोमवर जाळी अंथरून त्यावर सिमेंटचा थर आणि चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी : मजबूत, आगीला बरं, गच्ची वापरता येते, पण वजन पुन्हा चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वाढतं. दोन, लवचिक पांढरं कोटिंग : हलकं, ऊन परतवणारं, पण नाजूक आणि काही वर्षांनी पुन्हा मारावं लागणारं. इमारत चांगली असेल तर मी मोझॅक सांगतो. स्लॅब आधीच दमलेला असेल तर कोटिंग, आणि मग गच्चीला कुलूप. कारण कोटिंगच्या गच्चीवर डक्टिंग कूलरचा लोखंडी स्टँड ठेवला की त्याचे चार पाय चार भोकं पाडतात. विदर्भात हे होतंच. कूलर, डिश, वाळवणाच्या खाटा, सगळ्यांच्या पायांखाली कुठे पट्ट्या किंवा ओटे हवेत ते फोम मारण्याआधी ठरवा. नंतर ठरवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

गॅरंटीचा तिसरा तुकडाही इथेच सुटतो. त्या कागदाची मागची बाजू वाचा. "भोक पडल्यास, वजन ठेवल्यास, पुन्हा कोटिंग न केल्यास लागू नाही." मग उरलं काय?

आता फोम मारण्याचा दिवस. त्या दिवशी कमिटीचा एक माणूस गच्चीवर हजर पाहिजे, आणि त्याने आधी मारणाऱ्या पोरांकडे बघावं. आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे. त्याने दमा जडतो, आणि एकदा का शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे अगदी अल्प प्रमाणातही झटका येतो. मग त्या पोराचा धंदा कायमचा गेला. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून हे रसायन धंद्यात वापरणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं आहे. आपल्याकडे मी काय बघतो? तोंडाला दुपट्टा, पायात चप्पल, हातात गन. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, अंगभर सूट, हातमोजे आणि चष्मा नसेल तर काम सुरू करू देऊ नका. दर थोडा वाढेल. वाढू द्या. तुमच्या गारव्यासाठी कुण्या बुलढाण्याच्या किंवा बिहारच्या पोराचा छातीचा भाता फुटायला नको.

त्याच दिवशी वरच्या मजल्यांच्या खिडक्या बंद, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या प्लॅस्टिकने पूर्ण झाकलेल्या आणि दम्याचे रुग्ण, गरोदर बाया, तान्ही मुलं चोवीस तास दुसरीकडे. गाड्यांचंही आधी सांगून ठेवा. फवाऱ्याचे बारीक कण वाऱ्यावर उडतात आणि खाली उभ्या गाड्यांवर, शेजारच्या बंगल्याच्या काचांवर जाऊन चिकटतात. ते पाण्याने जात नाहीत, पेट्रोलने जात नाहीत, नखाने काढायला गेलं तर रंग निघतो. वारा वाढला की काम थांबवायचं, हे करारात लिहा. मग गाडी कुणाची खराब झाली आणि भरून कुणी द्यायची, यावर पुढच्या तीन सभा जाणार नाहीत.

एका दमात जाड थर मारू देऊ नका. फोम घट्ट होताना स्वतःची उष्णता सोडतो. दोन इंचांहून जाड थर एकदम मारला तर आतून तो करपतो, क्वचित धुमसतोही. पातळ थर, थंड होऊ देणं, मग दुसरा. काम झाल्यावर माशासारखा वास दिवसेंदिवस येत राहिला, किंवा फोम कुठे चिकट आणि कुठे बिस्किटासारखा ठिसूळ लागला, तर दोन द्रवांचं प्रमाण चुकलंय. तो भाग काढूनच टाकावा लागतो, वरून कोटिंग मारून तो सुधारत नाही.

आणि मोजा. ठेकेदार दीड इंच सांगतो आणि कुठे दोन, कुठे पाऊण बसतो. सायकलचा एक स्पोक घ्या, दीड इंचावर खूण करा आणि आवरणाआधी गच्चीभर वाटेल तिथे खुपसून बघा. भोकं नंतर बुजवता येतात. घनता तपासणं त्याहून सोपं आहे. धारदार चाकूने दहा सेंटीमीटर लांब, दहा रुंद असा तुकडा कापा, वरखाली तासून बरोबर चार सेंटीमीटर जाड करा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. सोळा ग्रॅम भरला तर घनता घनमीटरला चाळीस किलो, गच्चीवर चालण्यापुरती ठीक. बारा भरला तर तीस, म्हणजे भिंतीचा फोम तुमच्या गच्चीवर आलाय. जाडी कमी पडली तर तुकडा दोन इंची जागेतून काढा. ठेकेदाराला हे आधीच सांगून ठेवलं की बहुतेक वेळा तुकडा सोळाच्या पुढेच भरतो, असा माझा अनुभव.

ड्रमांवरची लेबलं वाचा, उत्पादनाची तारीख आणि मुदत बघा. फुगवणारा वायू कोणता तेही विचारा. ओझोनला खाणारा एचसीएफसी-१४१बी आपल्या देशात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, पण जुना साठा खपवणारे सगळ्याच धंद्यांत असतात. करारात भारतीय मानक आयएस १२४३२ च्या तिसऱ्या भागाचा उल्लेख टाका. फवाऱ्याच्या पीयू फोमसाठीच तो आहे. ठेकेदाराने त्याचं नावसुद्धा ऐकलं नसेल, तर काम दुसऱ्याला द्यायचं की नाही हे तुम्हाला तिथेच कळेल.

पैशांचा प्रश्न शेवटी येतोच. गच्चीची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची, हे उपविधींत आहे आणि त्यावर वाद नको. गरमीवरून मात्र भांडणं होतात : "फायदा वरच्यांचा, वर्गणी आम्ही का द्यायची?" माझं स्पष्ट मत असं की स्लॅब सगळ्यांचा आहे. वरून झालेलं काम त्याचं आयुष्य वाढवतं, तेव्हा बहुतांश खर्च सोसायटीने करावा आणि वरच्या मजल्याने त्यात थोडा अधिकचा वाटा उचलावा. नाहीतर तो सभासद खालून फोम मारून घेईल, आणि त्याची किंमत पुढे सगळेच मोजतील.

एवढा पैसा नसेल तर फोमचा हट्ट सोडा. स्वच्छ घासलेल्या गच्चीवर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात फोमच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात होतो आणि फरक पहिल्याच रात्री कळतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली पाच वर्षांचं कूल रूफ धोरणच जाहीर केलं. पांढरा रंग धुळीने मळतो आणि दर एक-दोन उन्हाळ्यांनी पुन्हा द्यावा लागतो, ही त्याची अडचण. तरी ज्या सोसायटीचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी राखलेला निधी, रिकामा आहे आणि गच्ची अजून गळते, तिला मी आधी गळती, मग पांढरा रंग, आणि फोम त्यानंतर कधीतरी, असंच सांगेन.

तेव्हा पुढच्या सभेत दोन ठराव मांडा. एक, सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही सभासद घराच्या आतून स्लॅबला फोम मारणार नाही. दोन, गच्चीवर फोम मारायचा झाल्यास पाणी साठवून केलेल्या चाचणीचा अहवाल, जाडी, घनता, आवरण आणि कामगारांची सुरक्षा साधनं या पाच गोष्टी करारात लिहिल्याशिवाय आगाऊ रक्कम दिली जाणार नाही. खालून फोम मारलेली घरं तुमच्या इमारतीत आधीच असतील, तर या पावसाळ्याआधी प्रत्येक खोलीत दोन-तीन ठिकाणी वीतभर तुकडा कापून बघायला लावा, विशेषतः पॅरापेटच्या बाजूने आणि टाकीच्या खाली. ठराव इतिवृत्तात नीट नोंदवा आणि त्याची एक प्रत इमारतीचं ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला द्या.

कळावे,
आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर
नागपूर